डॉक्टरची कंत्राटी नोकरी: सही करण्यापूर्वी नेमणूक आदेश आणि पगार कसा तपासावा

हा लेख कोणासाठी आहे?

शिष्यवृत्ती, शुल्कमाफी किंवा शैक्षणिक कर्जाच्या आधारावर एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएस झालेल्या तरुण डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. अनेक घरांत डॉक्टर होणारी ही पहिलीच व्यक्ती असते. नेमणुकीचे पत्र घरी आले की पेढे वाटले जातात, पण ते पत्र वाचून समजावून सांगणारे घरात कोणी नसते. पहिली नोकरी बऱ्याचदा कराराची असते. मग ती सरकारी दवाखान्यात असो, राष्ट्रीय आरोग्य अभियानात असो किंवा बेंगळुरूच्या एखाद्या खासगी रुग्णालयात असो.

या लेखात "तुम्ही" म्हणजे नेमणूक मिळालेला डॉक्टर. "घरच्या योजनांवर काय परिणाम होतो?" हा भाग मात्र आईवडिलांनी स्वतः वाचावा.

थोडक्यात

• पत्रावरचा महिन्याचा आकडा आणि वर्षभरात हातात येणारी रक्कम यांत मोठा फरक असू शकतो. तुलना नेहमी वर्षाच्या रकमेची करा.
• रक्कम "वेतन" म्हणून मिळणार की "व्यावसायिक शुल्क" म्हणून, हे आधी पाहा. भविष्य निर्वाह निधी, रजा, उपदान आणि कर यांचे उत्तर त्या एका शब्दात असते.
• ठरलेली रक्कम किती आणि कामावर अवलंबून असलेली किती, हे वेगळे लिहून काढा.
• नोकरी सोडायची झाली तर किती दिवस आधी कळवावे लागेल आणि किती पैसे भरावे लागतील, हे सही करण्यापूर्वीच वाचा.
• तुमच्या उत्पन्नामुळे घरच्या काही योजना बंद होऊ शकतात, तर काही चालू राहतात.

नेमणूक नेमकी कोण करत आहे?

पत्राच्या वरच्या बाजूला एका कार्यालयाचे नाव असते आणि खाली सही दुसऱ्याच संस्थेची असते, असे पुष्कळदा दिसते. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: माझा मालक कोण?

१. शासन किंवा स्थानिक संस्था. बेंगळुरूत ७ फेब्रुवारी २०२३ रोजी नम्मा क्लिनिक सुरू झाली. कन्नडमधील "नम्मा" म्हणजे "आपला". महाराष्ट्रातील "आपला दवाखाना" हेही शहरी वस्त्यांसाठीचेच दवाखाने. अशा ठिकाणी डॉक्टर बहुधा करारावर असतात. बेंगळुरू महानगरपालिकेच्या जागी २ सप्टेंबर २०२५ पासून पाच महापालिका आल्या आहेत. त्यामुळे जुन्या नमुन्यातले पत्र मिळाले, तर सध्याचे नेमणूक प्राधिकरण कोणते, हे विचारून घ्या.

२. राष्ट्रीय आरोग्य अभियान. हे अभियान केंद्र आणि राज्य मिळून चालवतात. बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी ६० आणि ४० टक्के अशी असते. निधी हप्त्यांनी येतो, त्यामुळे मानधन लांबू शकते. प्रत्येक राज्याची पदे आणि त्यांच्यासाठी मंजूर रक्कम दाखवणारा वार्षिक मंजुरी दस्तऐवज अभियानाच्या संकेतस्थळावर असतो. तुमच्या पदापुढची रक्कम त्यात पाहा आणि पत्रातल्या रकमेशी ताडून पाहा.

३. मनुष्यबळ पुरवणारी एजन्सी. काम सरकारी दवाखान्यात, पण पगार एजन्सीकडून. पगार थकला तर जबाबदार कोण, एजन्सीचे कंत्राट संपले तर तुमचे काय, आणि एजन्सी तुमच्या रकमेतून सेवाशुल्क कापणार आहे का, या तीन गोष्टी लेखी असाव्यात.

४. खासगी रुग्णालय. इथे तुम्ही नोकर म्हणून लागू शकता किंवा सल्लागार म्हणून. फरक पुढे सांगितला आहे.

महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या एमबीबीएस डॉक्टरने कर्नाटकात काम सुरू करण्यापूर्वी कर्नाटक मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचे पाहून घ्यावे. आयुर्वेद पदवीधरांसाठी राज्याचे वेगळे मंडळ आहे.

पत्रातले शब्द ओळखा

कर्नाटकातील सरकारी आदेश कन्नडमध्ये असतात, खासगी रुग्णालयांचे करार इंग्रजीत. मराठी शाळेत शिकलेल्या घरात दोन्ही अडतात. अनुवादाच्या कामात वारंवार समोर येणारे हे शब्द पाहून ठेवा. काही ओळखीचेच वाटतील.

• नेमकाति आदेश: नेमणूक आदेश
• गुत्तिगे: करार किंवा कंत्राट
• होरगुत्तिगे: बाहेरच्या एजन्सीमार्फत घेतलेले काम
• ओप्पंद: करारनामा
• अवधि: मुदत
• वेतन, संबळ: पगार
• गौरवधन: मानधन
• रजे: रजा
• राजीनामे: राजीनामा

"गुत्तिगे" आणि "होरगुत्तिगे" यांत फक्त दोन अक्षरांचा फरक आहे, पण त्यातून मालक बदलतो. हा शब्द नीट वाचा.

मराठीत आपण पगार, मानधन आणि शुल्क हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. करारात तसे चालत नाही.

वेतन किंवा पगार: मालक आणि नोकर असे नाते असते. भविष्य निर्वाह निधी, भरपगारी रजा, उपदान आणि पगारी उत्पन्नाची करसवलत यांचा विचार होतो.

एकत्रित मानधन: एकच ठोक रक्कम. महागाई भत्ता, घरभाडे भत्ता वगैरे वेगळे नसतात. भविष्य निर्वाह निधी लागू आहे की नाही, हे पत्रात स्पष्ट लिहिलेले असावे.

व्यावसायिक शुल्क: तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात आणि सेवा विकत आहात, असे धरले जाते. रजा घेतली तर त्या दिवसाचे पैसे मिळत नाहीत. वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त शुल्क असेल तर देणारा त्यातून साधारण १० टक्के आयकर आधीच कापतो.

दोन पत्रांचा हिशेब

समजा, एकाच आठवड्यात तुम्हाला दोन पत्रे आली. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

पत्र अ: महिना ६०,००० रुपये वेतन. भविष्य निर्वाह निधीत तुमचे १,८०० रुपये, मालकाचे वेगळे १,८०० रुपये. वर्षाला १५ भरपगारी रजा. नोकरी बारा महिने.

पत्र आ: महिना ७०,००० रुपयांपर्यंत व्यावसायिक शुल्क. त्यात ५०,००० ठरलेले आणि २०,००० पर्यंत कामावर आधारित. करार अकरा महिन्यांचा. भरपगारी रजा नाही.

पहिल्या नजरेत पत्र आ दहा हजारांनी पुढे आहे. आता वर्षाचा हिशेब मांडू. व्यवसाय कर दोन्हीकडे लागू शकतो, म्हणून तो इथे धरलेला नाही.

पत्र अ
• दरमहा हातात: ६०,००० वजा १,८०० = ५८,२०० रुपये
• बारा महिन्यांत हातात: ६,९८,४०० रुपये
• निर्वाह निधीत जमा, दोघांचे मिळून: ४३,२०० रुपये
• आयकर: नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, म्हणून कपात नाही

पत्र आ, कामावर आधारित २०,००० पैकी १२,००० मिळाले असे धरून
• दरमहा देय: ६२,००० रुपये
• १० टक्के करकपात: ६,२०० रुपये
• दरमहा हातात: ५५,८०० रुपये
• अकरा महिन्यांत हातात: ६,१३,८०० रुपये
• कापलेला कर: ६८,२०० रुपये

वर्षभरात हातात आलेल्या रकमेत पत्र अ ८४,६०० रुपयांनी पुढे गेले. निर्वाह निधी त्याखेरीज.

पत्र आ मधला कापलेला कर बुडालेला नसतो. आयकर विवरणपत्र भरले की तो परत मागता येतो. डॉक्टरांसारख्या व्यावसायिकांना ठरावीक मर्यादेपर्यंत एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आहे. या उदाहरणात ते उत्पन्न ३,४१,००० रुपये होते, त्यावर कर लागत नाही आणि सगळे ६८,२०० रुपये परत मिळू शकतात. तरीही परतावा विवरणपत्र भरल्यानंतर येतो. कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. आणि परतावा धरूनही पत्र आ १६,४०० रुपयांनी मागेच राहते.

रजेचीही किंमत मोजा. ६०,००० च्या पगारात एका दिवसाचे २,००० रुपये होतात. पंधरा भरपगारी रजा म्हणजे ३०,००० रुपये. पत्र आ मध्ये आजारी पडलात तर तो खर्च तुमचाच.

भविष्य निर्वाह निधीबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याने सक्तीची मर्यादा महिना १५,००० रुपये वेतनाची आहे. पहिल्याच नोकरीत पगार त्याहून जास्त असेल आणि तुम्ही आधी सभासद नसाल, तर मालक तुम्हाला निधीबाहेर ठेवू शकतो. म्हणून "निर्वाह निधी आहे का?" हे विचारावेच लागते. खासगी रुग्णालयात आणखी एक प्रश्न विचारा: मालकाचा हिस्सा सांगितलेल्या वार्षिक रकमेच्या आत आहे की बाहेर? आत असेल, तर तो तुमच्याच आकड्यातून जातो.

कामावर आधारित मोबदला

महाराष्ट्रात समुदाय आरोग्य अधिकारी पदाच्या जाहिरातींत २५,००० रुपये मानधन आणि १५,००० रुपयांपर्यंत कामावर आधारित मोबदला अशी रचना असते. लोक ४०,००० ची नोकरी म्हणतात. खात्रीचे त्यातले २५,००० असतात. अशा पदासाठी हे विचारा:

• कोणत्या कामांचे गुण मोजले जातात? तपासण्या, नोंदी, लसीकरण, दूरध्वनीवरील सल्ला?
• मोजणी कोण करतो आणि तक्रार कोणाकडे करायची?
• पैसे दर महिन्याला येतात की काही महिन्यांनी एकदम?
• औषधे, इंटरनेट किंवा कर्मचारी नसल्यामुळे काम अडले तर गुण कापले जातात का?

खासगी रुग्णालयात हीच गोष्ट "मिनिमम गॅरंटी" आणि "टक्केवारी" या नावाने येते. काही महिने ठरलेली रक्कम मिळते, नंतर रुग्णांच्या बिलातला हिस्सा. इथे एक शब्द महत्त्वाचा आहे: टक्के बिलावर की वसुलीवर? रुग्णालयात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकसारख्या योजनेचे रुग्ण येत असतील, तर दर ठरलेले असतात आणि दाव्याचे पैसे नंतर येतात. दाव्यातली रक्कम कापली गेली तर ती तुमच्या हिश्शातून जाणार का, हे लिहून घ्या. नाहीतर योजनेचा रुग्ण तपासला की तुमचेच नुकसान, अशी रचना होऊन बसते.

करारात महिन्याला किती रुग्ण भरती करावेत किंवा किती तपासण्या लिहाव्यात असे लक्ष्य असेल, तर थांबा. रुग्ण पाठवण्याबद्दल किंवा तपासणी लिहिण्याबद्दल कमिशन घेणे-देणे डॉक्टरांच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेत निषिद्ध आहे. कारवाई झाली तर नोंदणी तुमची जाते, रुग्णालयाची नव्हे. त्या लक्ष्याचा भार शेवटी तुमच्या आईवडिलांसारख्याच रुग्णांच्या खिशावर पडतो.

मुदत आणि कायम होण्याची आशा

अकरा महिन्यांचा करार, मग एक दिवसाचा खंड आणि पुन्हा नवा आदेश, ही पद्धत ओळखीची आहे. खंडाचा दिवस लहान दिसतो, पण नूतनीकरण उशिरा आले तर मधल्या दिवसांचे पैसे मिळतील का, हा प्रश्न खरा आहे.

"इथे लागलास की पुढे कायम होशील" असे तोंडी सांगितले जाते. कायद्याची स्थिती माहीत असू द्या. कर्नाटक सरकार विरुद्ध उमादेवी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० एप्रिल २००६ रोजी सांगितले की, रीतसर निवडप्रक्रियेशिवाय झालेल्या हंगामी किंवा करारावरच्या नेमणुकीतून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. २० डिसेंबर २०२४ च्या जग्गो निकालात न्यायालयाने हेही बजावले की, वर्षानुवर्षे नियमित काम करून घेणाऱ्या सरकारी यंत्रणांनी उमादेवी निकालाची ढाल करू नये. म्हणजे दार पूर्ण बंद नाही, पण ते आपोआप उघडतही नाही.

महाराष्ट्रात अभियानातील दहा वर्षे सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ रोजी निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून कर्मचाऱ्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये संपावर जावे लागले. तेव्हा आजचा निर्णय आजच्या रकमेवर घ्या, उद्याच्या आशेवर नको.

समान कामाला समान वेतनाबद्दल दोन निकाल उपयोगी आहेत. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी पंजाब सरकार विरुद्ध जगजितसिंग खटल्यात, नियमित पदाचेच काम करणाऱ्या हंगामी कर्मचाऱ्याला त्या वेतनश्रेणीचा किमान पगार मिळावा, असे ठरले. मात्र २६ एप्रिल २०२३ च्या गुजरातमधील प्रकरणात आयुर्वेद डॉक्टरांना एमबीबीएस डॉक्टरांइतक्याच वेतनाचा हक्क नाही, असा निकाल लागला. बीएएमएस डॉक्टरांनी तुलना करताना हे ध्यानात घ्यावे.

बाँड, नोटीस आणि मूळ कागदपत्रे

बाँड दोन प्रकारचे असतात. पहिला शासनाचा, म्हणजे वैद्यकीय शिक्षणानंतरची सक्तीची सेवा. कर्नाटकात त्यासाठी २०१२ चा कायदा आहे. राज्यांच्या अशा अटी सर्वोच्च न्यायालयाने १९ ऑगस्ट २०१९ च्या निकालात वैध ठरवल्या आहेत. तुमच्या प्रवेशाच्या वर्षाला कोणता नियम लागू आहे, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्या. ही सेवा पूर्ण होण्यापूर्वी खासगी नोकरीवर सही करू नका. दोन्हीकडून अडकाल.

दुसरा मालकाचा बाँड: इतकी वर्षे नोकरी केली नाही तर इतके पैसे भरा. असे बाँड न्यायालयात टिकत नाहीत, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या तेव्हाच्या विजया बँकेत एक अधिकारी २००७ मध्ये नेमला गेला. तीन वर्षांआधी सोडल्यास २ लाख रुपये भरायचे, अशी अट होती. २००९ मध्ये त्याने दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे भरले आणि मग दाद मागितली. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. पण १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. नव्याने भरती करण्याचा खर्च आणि त्या अधिकाऱ्याचा हुद्दा व पगार पाहता रक्कम अवाजवी नाही, असे न्यायालयाने म्हटले.

याचा अर्थ प्रत्येक बाँड वसूल होतोच असा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते आणि भरपाई वाजवी असावी लागते. पण ते न्यायालयात ठरते आणि न्यायालयात वर्षे जातात. त्या बँक अधिकाऱ्याच्या राजीनाम्यापासून शेवटच्या निकालापर्यंत सोळा वर्षे लोटली.

"नोकरी सोडल्यावर जवळपास दवाखाना काढायचा नाही" अशी अट असेल, तर नोकरी संपल्यानंतर ती कलम २७ नुसार सहसा लागू करता येत नाही. नोकरी चालू असताना मात्र बाहेर प्रॅक्टिस करण्यावर बंदी घालता येते.

नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, ते पाहा. तुम्ही तीन महिने आधी कळवायचे आणि रुग्णालयाने मात्र एका दिवसात काढून टाकायचे, अशी अट असेल तर ती बदलून मागा.

मूळ पदवी, गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र दाखवा आणि परत घ्या. साक्षांकित प्रती द्या. मूळ कागद ठेवून घेण्याचा आग्रहच झाला, तर परत देण्याची तारीख असलेली पोच घ्या.

रजा, बाळंतपण आणि विमा

करारावर आहात म्हणून प्रसूती लाभ मिळत नाही, हे चुकीचे आहे. दिल्लीतील एका सरकारी रुग्णालयात करारावर असलेल्या डॉक्टरची मुदत ११ जून २०१७ ला संपत होती. तिने १ जूनपासून प्रसूती रजा मागितली. रुग्णालयाने मुदत संपेपर्यंतचे अकराच दिवस दिले. १७ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, करार संपला तरी कायद्याने ठरलेल्या पूर्ण काळाचा लाभ द्यावा लागतो. पहिल्या दोन अपत्यांसाठी हा काळ २६ आठवड्यांचा आहे. अट अशी की, प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत नेमणूकपत्र देण्याचे बंधन आहे आणि ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर उपदानाची तरतूद आहे. या तरतुदी कर्मचाऱ्यांसाठी आहेत. कागदावर तुम्हाला "सल्लागार" लिहिले असेल, तर त्या मागताना आधी तेच सिद्ध करावे लागेल.

१३ नोव्हेंबर १९९५ च्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. रुग्णाने दावा केला तर वकील आणि भरपाईचा खर्च कोण करणार? व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता रुग्णालय भरणार की तुम्ही? "सर्व दायित्व डॉक्टरचे राहील" असे वाक्य असेल, तर त्यावर आधी बोला, नंतर सही करा.

घरच्या योजनांवर काय परिणाम होतो?

मुलगा किंवा मुलगी कमावू लागली की कोणती योजना राहते आणि कोणती जाते, यावरून घराघरांत गोंधळ असतो.

गृहलक्ष्मी, कर्नाटक: महिला कुटुंबप्रमुखाला महिना २,००० रुपये. ती स्वतः किंवा तिचा नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तर लाभ मिळत नाही. मुलीच्या शुल्कातून कर कापला गेला म्हणून आई करदाती ठरत नाही.

शिधापत्रिका, कर्नाटक: दारिद्र्यरेषेखालील कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १.२० लाख रुपये आहे. डॉक्टर मुलाचे नाव त्याच कार्डावर असेल, तर पात्रता बदलते. त्याबरोबर मोफत धान्य आणि उपचार योजनेतला वाटाही बदलतो. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. इतर कुटुंबांना ठरलेल्या खर्चाच्या ३० टक्के, वर्षाला १.५ लाखांपर्यंत मदत मिळते. हे आधी ओळखून घराचा आरोग्य विमा काढण्याचा विचार करा.

लाडकी बहीण, महाराष्ट्र: कोल्हापूर किंवा सोलापूरला राहणारी आई लाभ घेत असेल आणि अविवाहित मुलगी बेंगळुरूत डॉक्टर असेल, तर ती मुलगी कुटुंबातच मोजली जाते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २.५ लाखांपेक्षा जास्त झाले तर आई अपात्र ठरते. महिना १,५०० रुपये चालू ठेवण्यासाठी उत्पन्न लपवू नका. चुकीने घेतलेली रक्कम परत करावी लागू शकते.

शैक्षणिक कर्ज: घरचे उत्पन्न ४.५ लाखांपर्यंत असताना केंद्राची व्याज अनुदान योजना मिळाली असेल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचे एक वर्ष इतकेच व्याज सरकार भरते. त्यानंतर हप्ता सुरू होतो. हप्त्याची तारीख आणि पहिल्या पगाराची तारीख कॅलेंडरवर शेजारी लिहा. मानधन दोन-तीन महिने लांबले तरी हप्ता भरता येईल, एवढी सोय आधी करा, किंवा बँकेशी आधीच बोला.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. मालक कोण? पगार कोणत्या खात्यातून येणार?
२. रक्कम वेतन, मानधन की शुल्क?
३. ठरलेली रक्कम किती, बदलती किती?
४. दरमहा कोणत्या तारखेला पैसे मिळतात? सध्या काम करणाऱ्यांना गेल्या तीन महिन्यांचे कधी मिळाले?
५. ड्युटीचे तास किती, रात्रपाळ्या किती आणि त्यांचे वेगळे पैसे आहेत का?
६. भरपगारी रजा किती?
७. निर्वाह निधी आहे का आणि मालकाचा हिस्सा कशातून?
८. मुदत किती, खंड किती, नूतनीकरण कोण करणार?
९. नोटीस किती दिवसांची? बाँड किती रुपयांचा?
१०. दायित्व विमा कोणाचा?

उत्तरे तोंडी मिळाली तर घरी येऊन ईमेल लिहा: "आपल्या बोलण्याप्रमाणे रजा १५ दिवस आहे, कृपया खात्री करावी." सभ्य भाषेतली ही एक ओळ पुढे पुरावा ठरते. दोन दिवस वाचायला मागितल्याबद्दल कोणी नेमणूक रद्द करत असेल, तर पुढे रजा मागताना काय होईल, याचा अंदाज तेव्हाच येतो.

मदत कुठे मिळेल?

• मोफत कायदेशीर सल्ला: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, दूरध्वनी १५१००. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.
• मंजूर मानधनाची माहिती: सरकारी पदासाठी माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही. उत्तराची मुदत ३० दिवस.
• निर्वाह निधीची तक्रार: भविष्य निर्वाह निधी संघटनेचे कार्यालय किंवा तिचे तक्रार संकेतस्थळ.
• पगार थकल्याची तक्रार: राज्याचा कामगार विभाग. बेंगळुरूत त्याचे कार्यालय बन्नेरघट्टा रस्त्यावरील कार्मिक भवनात आहे.

योजनांच्या उत्पन्न मर्यादा आणि कराचे दर बदलत असतात. अर्ज किंवा सही करण्याच्या दिवशी लागू असलेला आदेश पाहूनच निर्णय घ्या आणि सही केलेल्या करारनाम्याची एक पूर्ण प्रत, प्रत्येक पानावरच्या सह्यांसह, घरी जपून ठेवा.